पाच वाजून दहा मिनिटांनी

नोव्हलेट फेसीचं दुकान माझ्या शेडला लागून आहे. मधे फक्त पत्र्याची भिंत. मी बॉक्साइटच्या कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डिंग केलं. निवृत्त झाल्यावर या शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या करत होतो. गुडघे गेले तेव्हा तेही सोडलं. आता पायरीवर खुर्ची टाकून बसतो. पत्र्यापलीकडचं सगळं ऐकू येतं.

नोव्हलेटचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. ती त्यांच्या टेबलाखाली वाढली. ही गोष्ट घडली तेव्हा अडतीस वर्षांची होती. पंधरा वर्षं ख्रिस्टियानात, आमच्या या डोंगरातल्या गावात, कॉम्प्युटर दुरुस्त करत होती. कागद कुठलाही नव्हता, जे यायचं ते हाताने आलेलं. कॉम्प्युटर उघडला की प्रत्येक स्क्रू वेगळ्या बाटलीच्या बुचात ठेवते आणि बुचाला खडूने आकडा घालते. मी तिला घाई करताना एकदाच पाहिलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

जानेवारीत शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. जवळपासच्या चार शाळांचे कॉम्प्युटर बघायला माणूस हवा होता, पण परीक्षा पास झालेला. दोन पेपर, ऑगस्ट संपायच्या आत. नोव्हलेट म्हणाली, देते. परीक्षेच्या तयारीचं पुस्तक कोणतं घ्यावं याची ती चौकशी करू लागली.

फेब्रुवारीत ओरेन गेला.

ओरेन म्हणजे मिस आयसीचा नातू. मिस आयसी माझ्या घरासमोर राहते. तेव्हा शहात्तर वर्षांची. ओरेनची आई टोरांटोला, पोराला वाढवलं हिनेच. सव्वीस वर्षांचा होता. बेकरीची व्हॅन चालवायचा. वळणावर व्हॅन उलटली.

रिवाजाप्रमाणे नऊ दिवस घर जागं ठेवलं. आरसे झाकले. त्याच्या कॉम्प्युटरचा पडदाही आरशासारखाच दिसतो म्हणून मिस आयसीने त्यावरही चादर टाकायला लावली. वायर मीच काढली. नवव्या रात्री सगळे जमले. तळलेले मासे, पाव, कॉफी, रम. डॉमिनोच्या सोंगट्या आपटल्या, स्तोत्रं म्हटली, त्याला निरोप दिला.

सकाळी खोली फिरवायची असते. डप्पी, म्हणजे मेलेल्याची सावली, परत आली तर तिला खोली ओळखू येता कामा नये. मी आणि नोव्हलेट त्या कामाला होतो. मिस आयसी दारात उभी राहून हुकूम सोडत होती.

"पलंगाचं डोकं तिकडे कर, ऑझी. तिकडे नाही रे, तिकडे तो झोपायचा."

"तिकडे खिडकी आहे, मिस आयसी."

"असू दे. खिडकी काय तुला चावणार आहे?"

पलंग फिरवला. गादी उलटी केली. कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला आणलं. मग तिचं बोट कॉम्प्युटरकडे गेलं.

"आणि हे? हे त्याचं सगळ्यात लाडकं. पलंग ओळखला नाही तरी हे ओळखेल."

"ते माझ्याकडे लागलं," नोव्हलेट म्हणाली. "आतून असं बदलते, की हे आपलं होतं हे त्याला कळणार नाही."

"असं होतं?"

"अर्ध्या तासात होतं."

मी ऐकत होतो. मान डोलावली. आम्हा तिघांनाही ते बरोबर वाटलं. पलंग फिरवला, गादी उलटी केली, आता कॉम्प्युटर. रात्रभर जागलेली माणसं आम्ही. नोव्हलेटला दुकान उघडायचं होतं. तिने फॉरमॅट मारला. सगळं कोरं केलं, नवीन घातलं. मी कॉम्प्युटर उचलून समोरच्या भिंतीला ठेवला आणि वायर लावली. बटण बंद होतं. मी दोनदा पाहिलं.

चौथ्या दिवशी मिस आयसी नोव्हलेटच्या दुकानात आली. घरातल्या चपला, डोक्याला फडकं. मी पायरीवर होतो. मला तिने पाहिलंही नाही.

"नोव्हलेट, त्या दिवशी तू ते केलंस ते नीट केलंस ना?"

"केलं, मिस आयसी. आत काही शिल्लक नाही."

"मग तो कशाला येतो?"

पलीकडे स्क्रू पडल्याचा आवाज झाला.

"पाच वाजून दहा मिनिटांनी," मिस आयसी म्हणाली. "तीन दिवस झाले. तो कामावर जायला याच वेळी उठायचा. कॉम्प्युटर लागायचा आणि त्याचं गाणं सुरू व्हायचं. मी भिंतीवर चप्पल आपटायचे, बंद कर मेल्या म्हणून. आता मी पडून असते. पंखा घुरघुरायला लागतो. दाराखालून उजेड येतो. गाणं येत नाही."

"मिस आयसी…"

"तो येऊन बसतो आणि बोलत नाही. त्याचा आवाज होता ना गं त्यात? चर्चची गाणी म्हणून त्यात भरून ठेवायचा. मला ऐकवायचा. ती गाणी कुठे आहेत?"

नोव्हलेटने स्क्रू बुचात टाकल्याचा आवाज आला.

"गेली."

"गेली म्हणजे?"

"मी पुसली."

"मी ओळखू येऊ नये म्हणाले होते. पलंग आपण फिरवला ना? जाळला नाही ना?"

मान मीही डोलावली होती.

त्याच दिवशी नोव्हलेटने जाऊन त्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून आणली. ज्यावर सगळं साठतं ती. दोन दिवस दुकान अर्धं लावून ती डिस्क खोदत बसली. पुसलेलं कधी कधी मिळतं म्हणे. पत्र्यातून मला ऐकू येत होतं. खरखर. अर्धा शब्द. कुत्र्याचं भुंकणं. गाण्याचा एक सूर, सुरू होताच तुटलेला. तोच सूर तिने वीसेक वेळा लावला असेल. मग तोही थांबला.

तिसऱ्या दिवशी मिस आयसी पुन्हा आली. आत गेली नाही. रस्त्यावरूनच म्हणाली, "आजही लागला."

"कसा लागेल? डिस्क माझ्याकडे आहे."

"काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती. मला वाचता आली नाहीत."

नोव्हलेट बाहेर आली. हातात ती डिस्क होती. माझ्याकडे पाहिलं. मोठ्यांना इथे मास म्हणतात, मलाही ती तशीच हाक मारते.

"मास ऑझी, ज्यात डिस्कच नाही ते कुणाच्या सांगण्यावरून सुरू होतं?"

"मला लोखंडाचं विचार."

"मला माहीत नाही. पंधरा वर्षं करतेय आणि मला माहीत नाही."

तेव्हापासून तिचा हात अडला. गिऱ्हाईक यायचं, फॉरमॅट मारून द्या म्हणायचं. ती ठेवून घ्यायची आणि हात लावायची नाही. टेबलावर चार झाले, मग नऊ. मी म्हटलं, "दुकान आहे की गोदाम?" ती हसली नाही. म्हणाली, मिस आयसीला उत्तर देता आलं तर परीक्षा देईन. नाही आलं तर दुकानाला कुलूप लावीन आणि भावाच्या बटाट्याच्या शेतावर जाईन. ती बोलते ते करते.

मिस आयसीने कॉम्प्युटरची वायर काढू दिली नाही. मी दोनदा विचारलं.

"आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावू?" ती म्हणाली.

"खोली फिरवली ती कशासाठी मग?"

"तेव्हा तो येत नव्हता, ऑझी."

ती आता रोज पाचला उठून त्या खोलीत खुर्चीवर बसायची. मीही पाचला उठतो, कारखान्याची सवय. समोर तिच्या खिडकीत पाच वाजून दहा मिनिटांनी निळा उजेड यायचा. मी एकतीस वर्षं भट्टीजवळ काढली. उजेडाला घाबरणारा माणूस नाही. पण पहिल्या आठवड्यात मी चहाचा कप घेऊन घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचो.

पुस्तकाचं काम नोव्हलेटने पुन्हा हातात घेतलं ते यामुळे. परीक्षा बाजूलाच राहिली. उत्तर कुठे तरी छापलेलं असणार, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्यांदा ट्रेव्हिन आला. वरच्या रस्त्याला फोन दुरुस्त करतो. त्याच्याकडे झेरॉक्सचा गठ्ठा होता. नुसते प्रश्न, खाली चार पर्याय, बरोबर पर्यायावर गोल.

"पुस्तक कशाला हवंय, नोव्ह? तीन आठवडे हे घोक. मी असाच पास झालो."

"म्हणून तुझ्याकडे आलेले फोन बंदच राहतात काय?" मी म्हटलं.

"मास ऑझी, तुम्ही खुर्ची सांभाळा."

नोव्हलेट गठ्ठा चाळत होती. एका पानावर थांबली. "हा बघ. कॉम्प्युटर रोज ठरावीक वेळी आपोआप सुरू होतो, कारण काय? उत्तर क. हे क म्हणजे काय आहे? पुढे तीन इंग्रजी अक्षरं आहेत नुसती."

"क म्हणजे क."

"पण का?"

"'का' परीक्षेत विचारत नाहीत गं!"

तिने गठ्ठा परत दिला.

दुसरं पुस्तक चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालं. कणा तुटलेला, पण आतली चित्रं चांगली. वडील शिकवायचे तसं सावकाश समजावलेलं. तिला ते आवडलं. दोन दिवस ती तेच घेऊन बसली. मी कव्हर पाहिलं. वर परीक्षेचा एक आकडा छापलेला होता. शाळेच्या बाईंनी दिलेल्या कागदावर वेगळाच आकडा होता.

"हे दोन आकडे जुळायला नकोत का?"

तिने पाहिलं. ती परीक्षा केव्हाच बंद झाली होती. तेव्हापासून दोनदा बदलली होती.

"समजत होतं म्हणून बघितलं नाही," ती म्हणाली. पुस्तक फेकलं नाही. खिडकीत ठेवलं. पण अभ्यासाच्या कामाचं ते नव्हतं.

मग शनिवारी आम्ही बसने मँडेव्हिलला, जवळच्या मोठ्या गावाला, गेलो. वाटेत मी तिला आमच्या परीक्षेचं सांगितलं. कारखान्यात वेल्डर घ्यायचे तेव्हा सांधा वरून बघायचे नाहीत. वरून कुणीही गुळगुळीत करतो. सांध्याची पट्टी कापायचे आणि यंत्रात घालून वाकवायचे. भेग पडली की घरी.

"पुस्तकही असंच बघ. पहिलं पान वाचू नकोस. जिथे तू चुकलीस तिथे कापून बघ."

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तिथल्या पुस्तकांच्या दुकानात बरोबर आकड्याची दोन पुस्तकं होती. दोन्ही विटेएवढी जाड. दुकानवाली मिसेस पिन्नॉक गल्ल्यावर बसून केळ्याच्या चकत्या खात होती.

"वाचायचंय की विकत घ्यायचंय?"

"वाकवून बघायचंय," मी म्हटलं.

"वाकवलं की घ्यावं लागेल."

पहिलं पुस्तक रंगीत होतं. प्रत्येक पानावर फोटो, कडेला चौकटी. कुठला शब्द कोणत्या पानावर ती शेवटची यादी मात्र चार पानांची. नोव्हलेटने त्यात 'सुरू होणे' हा शब्द शोधला. त्या पानावर वीज कशी जोडायची तेवढंच होतं. मागे सरावाचे प्रश्न होते आणि उत्तरांची नुसती अक्षरं. ट्रेव्हिनचा गठ्ठाच, चांगल्या कागदावर. तिने ते परत ठेवलं.

दुसरं करड्या कव्हरचं. फोटो थोडे. मागची यादी तीस पानांची. ती पुस्तकं काढायच्या छोट्या शिडीवर बसली आणि यादीतून एकेक पान उघडू लागली. एक तास वीस मिनिटं. मी उभा होतो, मला गुडघ्यांमुळे नीट आठवतं. तिचे ओठ हलत होते.

"मास ऑझी. सापडलं."

तिने मला वाचून दाखवलं. कॉम्प्युटरमध्ये एक बारीक घड्याळ असतं. ते एका छोट्या गोल सेलवर चालतं, कॉम्प्युटर बंद असला तरी. काही गोष्टी त्या घड्याळाशेजारी लिहिलेल्या असतात, डिस्कवर नाही. रोज अमुक वाजता सुरू हो, हेही तिथे लिहिता येतं. डिस्क पुसली तरी ते राहतं. डिस्क काढली तरी राहतं.

"म्हणजे पोराने गजर लावला होता," मी म्हटलं.

"हो. त्याला लवकर उठावं लागायचं. लावून ठेवला आणि विसरला."

मला हायसं वाटलं. तिला वाटलं नाही. कारण ती त्याच पुस्तकात मागे गेली. पहिल्याच भागात कामाची पद्धत दिली होती, एकापुढे एक पायऱ्या. तिने एक जागा बोटाने धरली आणि हळू आवाजात वाचली. काहीही बदलण्याआधी, ज्याचं आहे त्याला विचारा, यातलं काय ठेवायचं आहे. उत्तर लिहून घ्या. जे ठेवायचं त्याची प्रत दुसरीकडे करा. मग हात लावा.

दोन ओळी. तिने पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवून बसली.

"आता तरी घेणार का?" मिसेस पिन्नॉकने विचारलं. "की रविवारीही बसणार?"

नोव्हलेटने मागचे प्रश्न उघडून पाहिले. बरोबर उत्तर का बरोबर ते होतं, आणि उरलेली तीन का चूक तेही, प्रत्येकाचं वेगळं. तिने ते घेतलं. येताना बसमध्ये ते मांडीवर होतं. उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर आम्ही मिस आयसीकडे गेलो. भात आणि राजमा शिजत होता. खोली आम्ही फिरवली होती तशीच. फक्त कॉम्प्युटरसमोर एक खुर्ची आली होती आणि तिच्या पाठीला ओरेनची बेकरीची टोपी होती.

नोव्हलेटने कॉम्प्युटर सुरू केला, एक बटण दाबून धरलं. निळा पडदा आला. खाली, अगदी शेवटच्या ओळीत: रोज, ०५:१०.

तिने सगळं सांगितलं. सोपं करून, एकदाच. मिस आयसी पडद्यावरचा आकडा बघत होती.

"म्हणजे तो येत नाही."

"नाही, मिस आयसी. त्याने लावलेलं घड्याळ आहे हे."

"त्याने स्वतः?"

"स्वतःच्या हाताने. माझ्याकडून पुसायचं राहिलं ते एवढंच. राहिलं कारण ते तिथे असतं हे मला माहीत नव्हतं."

मिस आयसीने हात पुढे केला, पडद्याला लावला नाही. मग हात पोटाशी घेतला.

नोव्हलेटने खिशातून वही काढली. पेन्सिल काढली.

"यातलं काय ठेवायचं आहे, मिस आयसी?"

म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं की मी दाराकडे बघू लागलो.

"हे आधी विचारायचं होतंस, पोरी."

"हो."

"ते पाच-दहा ठेव."

नोव्हलेटने लिहून घेतलं. तारीख घातली. डिस्क परत बसवली, चारही स्क्रू आपापल्या जागी. मिस आयसी म्हणाली, भात झालाय, जेवून जा. आम्ही जेवलो.

नोव्हलेट पुस्तकाला बसली ती सोमवारपासून. रोज दुकान उघडायच्या आधी दोन तास. टेबलावरचे नऊ कॉम्प्युटर दिले, प्रत्येक मालकाला तोच प्रश्न विचारून. लोक चिडायचे. "फॉरमॅट मार म्हटलं ना?" ती म्हणायची, काय ठेवायचं ते सांगा आणि इथे सही करा. ट्रेव्हिन तिला वकीलबाई म्हणू लागला. पहिला पेपर जूनमध्ये पास झाली. दुसऱ्यात पडली. पुन्हा बसली, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पास झाली. सप्टेंबरपासून चार शाळा तिच्याकडे आहेत. त्या पुस्तकाचाही आता कणा तुटलाय.

हे झाल्याला पाच वर्षं होतील.

समोरची खिडकी मी अजून रोज बघतो. आता मागे जाऊन बसत नाही. दीड वर्षापूर्वी एका सकाळी उजेड पाच वाजून एकोणीस मिनिटांनी आला. पावसात लाइट गेली होती. पुढच्या वेळी लाइट गेली त्यानंतर साडेपाच. मी नोव्हलेटला सांगितलं. ती म्हणाली, तो गोल सेल उतरला आहे. लाइट जाते तेवढा वेळ घड्याळ थांबतं, पुन्हा आली की तिथून चालू लागतं. एक दिवस सेल पूर्ण संपेल, मग लिहिलेलंही जाईल.

"बदल की मग. चिंचोक्याएवढा तर आहे."

"बदलताना पुसलं जाईल, मास ऑझी."

"मग पुन्हा लाव. पाच-दहा. वहीत आहे तुझ्या."

तिने मिस आयसीला जाऊन विचारलं. मी सोबत होतो. मिस आयसी आता ऐंशीच्या पुढे आहे. ऐकू कमी येतं, पण हे तिने एकदाच ऐकलं.

"तू लावशील ना?"

"हो. मिनिटभराचं काम."

"मग ते तू लावलेलं होईल."

नोव्हलेटने वही उघडली. मी वाकून पाहिलं. तिने लिहिलं: सेल बदलू नये. खाली मिस आयसीची सही घेतली.

निघताना मिस आयसी आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली. ते फाटक मी केलेलं. बिजागरीला तेल घाल म्हणाली. मग म्हणाली, "त्याला उशीर व्हायला लागलाय, ऑझी. बेकरीवाला ओरडत असेल."

काल रात्री वारा होता, लाइट गेली. आज मी सव्वापाचला चहा केला. साडेपाच झाले. सहा वाजले. समोर खुर्चीवर ती बसलेली मला दिसत होती, पाठ ताठ, हात मांडीवर. सहा वाजून बावीस मिनिटांनी उजेड आला. बाहेर उजाडलं होतं, त्यामुळे जेमतेम दिसला. मी कप धुतला आणि तेलाची बाटली घेऊन फाटकाकडे गेलो.